आम्ही येतो

१२ ऑक्टोबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

खुर्ची उचलून तो माणूस निघालाच होता, तेवढ्यात वेटर त्याच्यावर खेकसला. ती खुर्ची घेतलेली आहे, समोर भरलेला ग्लास दिसत नाही का, असं म्हणाला. शेजारी एक टोळकं बसलं होतं, त्यांना खुर्च्या कमी पडत होत्या. माणूस ओशाळला. खुर्ची होती तिथे ठेवली आणि वर माझी माफी मागितली. तर ताई, या शहरात आता आमची एवढी वट आहे.

हा बार दातांच्या लॅबच्या मागच्या गल्लीत आहे. सहाच्या आत गेलं तर एका बिअरवर एक फुकट. खारे शेंगदाणे हवे तेवढे. लॅब सुटली की आम्ही तिकडे वळतो. दिवसभर लोकांच्या जबड्यांचे साचे दात विचकून समोर बसलेले असतात. त्यानंतर तोंड मिटून बसलेली माणसं पाहायला बरं वाटतं.

तू विचारलंस, एवढ्या महागड्या शहरात तुझं कसं भागतं. भागतं. शहर महाग असतं ते घाई असलेल्यांना. बेकरी बंद व्हायच्या सुमाराला पाव निम्म्या किमतीत मिळतो. बस डेपोच्या कुंपणाला लागून एकजण सूप विकतो. उभ्याने प्यायचं आणि कप विसळून परत द्यायचा. ड्रायव्हर तिथेच पितात, म्हणजे चांगलंच असणार. नाटकाची तिसरी घंटा झाली की उरलेली तिकिटं पडत्या भावात विकतात, तीही जोडीने घेतली तरच. परवा आम्ही असंच एक नाटक पाहिलं. जागा खांबामागे होती. नायक शेवटपर्यंत दिसला नाही, त्याची बायको दिसली. नाटक तिचंच होतं असं माझं मत झालं.

भाऊजींची कवळी बोलताना निसटते म्हणालीस. पार्सलने पाठव. हिरड्या आक्रसतात, त्यात त्यांचा दोष नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात घाल, कोरडी पाठवू नकोस.

तिथल्या दातांच्या डॉक्टरांना सांग, त्यांच्याकडे कामाला यायचा विचार करतोय, वर्ष संपायच्या आत नक्की कळवतो. माडीवरच्या खोलीला कुठला रंग द्यायचा ते मला का विचारतेस? तुझं घर, तुझी भिंत. पण पिवळा नको.

माया आहे तेवढी असू दे, जास्तीची मागत नाही.

तुझा,
धाकटा


२१ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आम्ही म्हणजे कोण?

तुझं पत्र यांना मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. रात्री अंथरूण घालताना आलं. मग दिवा लावून पुन्हा वाचलं. आम्ही तिकडे वळतो. आम्ही नाटक पाहिलं. खांबामागे बसून नाटक पाहायला तुझ्याबरोबर कोण तयार झालं? मी सख्खी बहीण, मी उठून गेले असते.

आधी वाटलं, बाबांचा वारसा असेल. बाबा नाही का, एकटेच बाजाराला निघाले तरी दारात चपला घालताना म्हणायचे, आम्ही येतो. आपण दोघं मागे उभे राहून कडक सलाम ठोकायचो, महाराजांची स्वारी निघाली म्हणून. ते वळून बघायचेही नाहीत. पण तू तसला नाहीस. तुझ्या तोंडून लहानपणापासून ‘मी’सुद्धा ओढून काढावा लागतो. शिवाय ती खुर्ची. भरला ग्लास समोर ठेवून कुणीतरी हात धुवायला गेलं होतं, एवढं कळायला मला चष्मा लागत नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प राहायचं असेल तर राहा. नाव सांगू नकोस, गाव सांगू नकोस, वय तर मुळीच सांगू नकोस. फक्त माप कळव. माझ्याकडे निळी लोकर पडून आहे, थंडीच्या आत स्वेटर होईल. लॅबमध्ये दुसऱ्यांच्या जबड्यांची मापं घेतोस, खांद्याचं एक घ्यायला काय जातंय?

कवळी पाठवली आहे. हे आता बोळक्या तोंडाने बसलेत. काय बोलतात ते मलाच कळतं, आणि मलाही सगळं कळतं असं नाही. शेंगदाण्यांचं वाचून त्यांनी सुस्कारा टाकला. दात आहेत तर चणे नाहीत, असं काहीतरी पुटपुटले.

फोनवर तू नुसता हं हं करतोस, म्हणून पत्रच लिही. लांबलचक लिही. कितीतरी दिवसांनी मी एवढी हसले आहे.

पत्राची वाट पाहते, तुझीही.

ताई


२ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

कवळी पोचली. खालच्या पट्टीला बारीक चीर आहे. भाऊजी एकाच बाजूने चावतात, त्याची खूण. नवीन हिरडी चढवून देतो. वरचा जबडा खालच्यावर नीट टेकला पाहिजे. नुसता वरचा कितीही चांगला बनवला तरी उपयोग नसतो.

तू हसलीस हे वाचून बरं वाटलं. ते वाक्य दोनदा वाचलं.

बुधवारी इथल्या संग्रहालयात संध्याकाळी फुकट सोडतात. पहिल्या मजल्यावर जुनी घड्याळं आहेत, सगळी बंद. पहारेकऱ्याला विचारलं तर म्हणाला, चालू ठेवली तर टकटकीने त्याला वेड लागेल. गाण्याच्या शाळेत दर शुक्रवारी तालीम असते. दार उघडंच असतं, मागच्या बाकांवर बसलं तर कुणी उठवत नाही. एक मुलगी व्हायोलिनवर तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवते, तेच ठिकाण चुकतं. गेल्या शुक्रवारी चुकलं नाही. टाळी वाजवावी असं वाटलं, पण बाकी कुणी वाजवली नाही, म्हणून आम्हीही गप्प बसलो.

कालव्याच्या पुलावर बाक आहेत. रविवारी पाव आणि उकडलेली अंडी घेऊन तिथे जायचं. पलीकडच्या काठावर भारी हॉटेलं आहेत. त्यांच्याकडचं बँडचं वाजवणं पाण्यावरून आपल्याकडे फुकट येतं. उलट त्यांनाच ते जवळून ऐकावं लागतं, फार कर्कश आहे.

मापाचं विचारलंस. साधारण तुझ्याएवढंच.

भाऊजींना सांग, थोडा धीर धरा.

आशीर्वाद असू दे.

तुझा,
धाकटा


१५ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

माझ्याएवढंच! म्हणजे खात्यापित्या घरची आहे. मला उगाच वाटत होतं, शहरातली म्हणजे काडी असेल. पाठ विणून झाली, आता बाह्या. माझ्याच अंगाला लावून बघते, दुसरं माप कुठून आणू?

तू तिच्याविषयी एक अक्षर लिहिलं नाहीस, तरी पत्रात ती पानोपान आहे. टाळी वाजवावी असं तुला वाटलं, इथेच मी ओळखलं. एकट्या माणसाला तसं वाटत नाही. हे म्हणतात (म्हणजे मला तसं ऐकू आलं) की मी उतावीळ आहे. असेन. आई गेली तेव्हा तू शाळेत होतास, तुझं सगळं उतावीळपणेच करावं लागलं. आता पंचेचाळिशीत तुझं कुणीतरी झालं, तर मी सावकाश खूश होऊ का?

आता कामाचं. डॉक्टरांनी दोनदा निरोप पाठवला. त्यांना तुझ्यासाठी ताटकळत ठेवणं मला बरं वाटेना. तुझा जीव तिकडे गुंतलाय, तर तू इकडे कशाला येशील? मी त्यांना सांगून टाकलं, त्याची वाट पाहू नका. त्यांनी दुसऱ्या माणसाशी बोलणं सुरू केलंय. माडीवरची खोलीही दिली. सरकारी दवाखान्यातली नर्स आहे, शांत आहे, दिवसा झोपते. भिंती तुझ्यासाठी पांढऱ्या केल्या होत्या, तिला आवडल्या. एक ओझं उतरल्यासारखं झालं. तू मनापासून हो म्हणत नसताना आपण तुला मागे ओढतोय, असं मला आतून वाटत होतं.

आणि आता ऐक. पाच डिसेंबरच्या गाडीने मी येते आहे. नाही म्हणू नकोस, तिकीट काढून झालंय. यांचे दात घेऊन जाईन, स्वेटर हाताने देईन आणि तुमच्या त्या बारमध्ये एकदा बसेन. बिअर पिणार नाही, शेंगदाणे खाईन. तिला म्हणावं, घाबरू नकोस, मी फक्त बघायला येतेय.

सुखात राहा, दोघंही.

ताई


२३ नोव्हेंबर

ती. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतो आहे. ताईला दाखवू नका.

कुणी नाही. आम्ही म्हणजे मी.

झालं असं. त्या बारमध्ये एकावर एक मिळतं, ते दोघं असतील तर. एकट्याला एकच. पहिल्या दिवशी वेटरने विचारलं, किती जण. म्हटलं, दोघं, दुसरं माणूस येतंय. त्याने दोन ग्लास ठेवले. पहिला संपवला, दुसराही मीच संपवला, आणि निघताना म्हटलं, कामात अडकली असेल. असं दोन-तीनदा झाल्यावर तो विचारेनासा झाला. मी आत शिरलो की दोन ग्लास. नाटकाचं तसंच, जोडीचं तिकीट. शेजारच्या जागेवर कोट ठेवतो. या शहरात स्वस्त म्हणून जे जे आहे ते दोघांसाठी आहे, भाऊजी. एकट्याला सगळं पूर्ण भावात.

सुरुवातीला मी वेटरला दाखवायला दाराकडे बघायचो. आता तो बघत नसतो तरी बघतो.

ताईला लिहिताना ‘आम्ही’ सहज उमटलं. रोज तोंडी बसलेलं. तिने विचारलं तेव्हा लगेच खुलासा करायला हवा होता. पण तिने लिहिलं होतं की ती कितीतरी दिवसांनी हसली. म्हटलं, एक पत्रभर राहू दे. तेवढ्यात स्वेटर सुरू झाला.

मी यायचं ठरवलं होतं. डॉक्टरांना होकार द्यायचं पत्रही मनात जुळवलं होतं. नव्या वर्षाचा मुहूर्त धरून ताईला चकित करावं, एवढ्यासाठी थांबलो. पांढऱ्या भिंती डोळ्यांसमोर होत्या. नर्सबाईंना उठवा असं मी म्हणणार नाही. त्या दिवसा झोपतात.

काहीही करून ताईचं येणं रद्द करा. आजारी पडा. इथे मी तिला कोण दाखवू?

तुमची कवळी तयार आहे. चावा उत्तम जुळलाय.

तुमचाच, जसा आहे तसा,
धाकटा


२९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दाखवलं नाही.

आजारी पडून बघितलं. तिने काढा पाजला आणि शेजारणीला माझ्याकडे लक्ष ठेवायला सांगितलं. तिचं येणं रद्द होत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने काढलेलं तिकीट मी परत केल्याचं एकही उदाहरण नाही.

तुझं तू सांग. मी सांगायला गेलो तर अर्धे शब्द हवेत जातात, आणि असली गोष्ट अर्धी कळण्यापेक्षा न कळलेली बरी.

ती स्वेटर घालून आरशासमोर उभी राहते. बाह्या लांब वाटतात का, विचारते. मी मान हलवतो.

माझी पत्रं नसतात, म्हणून जिव्हाळा नाही असं समजू नकोस.

भाऊजी


६ डिसेंबर

अहो,
स. न. वि. वि.

मी परवा निघत नाही. आणखी चार-पाच दिवस राहते. म्हणून हे पत्र, आणि त्याच्याबरोबर तुमचे दात पार्सलने. आधी पाण्यात ठेवा, मग बसवा.

काल धाकटा स्टेशनवर आला होता. एकटाच. ती अचानक गावी गेली, असं गाडीतून माझी पिशवी उतरवतानाच म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही. मी म्हटलं, जाऊ दे, पुन्हा भेटेन. मनातून मला राग आला होता. वाटलं, बाई टाळतेय मला.

त्याची खोली कशी आहे म्हणाल, तर स्वच्छ आहे. एक खाट, एक टेबल, एक कप. कप बघूनही माझी ट्यूब पेटली नाही. म्हटलं, दुसरा फुटला असेल.

आज दुपारी मी हट्ट धरला की तुम्ही दोघं जाता त्या बारमध्ये मला ने. तो म्हणाला, तिथे धूर असतो, गडबड असते, तुला आवडणार नाही. मी चपला घालून जिन्यात उभी राहिले. मग आला.

आत फारशी माणसं नव्हती. आमचं टेबल दाराजवळ होतं आणि दार सारखं उघडत होतं. मला थंडी वाजायला लागली. पिशवीत तिचा स्वेटर होता, दाखवायला म्हणून घेतला होता. तोच काढून अंगात घातला. धाकटा बघत राहिला.

तेवढ्यात वेटर आला. काही न विचारता दोन ग्लास घेऊन आला. चांगला पोक्त माणूस आहे, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. एक ग्लास धाकट्यापुढे ठेवला, दुसरा माझ्यापुढे. आणि गेलाच नाही. मला म्हणाला की तुम्ही येणार नाही असंच त्याने आता धरलं होतं. गेल्या हिवाळ्यापासून तो हा ग्लास भरतोय, हे गृहस्थ रोज म्हणतात, येतेय, येतेय. कितीदा लोकांशी भांडून ही खुर्ची राखली, तेही सांगितलं. मला वाटलं, हसावं. धाकट्याकडे बघितलं. तो एका शेंगदाण्याचं साल काढत होता. ते निघालेलं होतं, तरी काढत होता.

मग मला कळलं. बेकरी, डेपोचं कुंपण, पुलावरचा बाक, नाटकातला खांब, त्याने लिहिलेल्या सगळ्या जागा एकदम दिसल्या, आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्या शेजारची जागा.

वेटर उत्तरासाठी थांबला होता. मी त्याला म्हटलं, हो, उशीर झाला.

तो म्हणाला, काही हरकत नाही. आणि गेला.

मी तो ग्लास प्यायले. कडू होता. तुमच्या बायकोने या वयात बिअर प्यायली, हे शेजारणीला सांगू नका.

मग मीच बाबांचा विषय काढला. मी पत्रात त्याला मोठ्या मजेने लिहिलं होतं की बाबा ‘आम्ही येतो’ म्हणायचे. काल गाडीत बसल्या बसल्या आठवत होते, ते असं कधीपासून म्हणायला लागले. आई होती तेव्हा नाही. तेव्हा ते आत तोंड करून नुसतं येतो गं म्हणायचे. ‘आम्ही’ त्यानंतरचं आहे. आम्ही दोघं भावंडं मागे उभी राहून सलाम ठोकत होतो, आणि ते वळून बघत नव्हते. हे मी धाकट्याला सांगितलं. तो म्हणाला, बाबांच्या ‘आम्ही’त निदान कोणीतरी होतं.

मी शेंगदाण्यांची बशी त्याच्याकडे सरकवली.

नंतर त्याने डॉक्टरांना होकार द्यायचं ठरवलं होतं तेही सांगितलं. मी म्हटलं, माडी गेली तर गेली, माझी शिवणाची खोली घे. तो म्हणाला, मशीन कुठे ठेवशील? मी म्हटलं, स्वयंपाकघरात, नाहीतर तुझ्या भाऊजींच्या डोक्यावर. तो हसला नाही. बघू म्हणाला. त्याला सवय झालीय, त्या दोन ग्लासांची, तेही एक आहेच. मी जास्त ताणलं नाही.

तुम्ही मात्र दात बसले की पहिल्यांदा डॉक्टरांकडे जा. नवा माणूस रुजू झाला नसेल तर सांगा की बहिणीने घाई केली, माणूस मोकळा आहे. नीट, पुरे शब्द उच्चारून सांगा. कवळी त्याच्याच हातची आहे, तीच दाखवा. रुजू झाला असेल तर परत या आणि मला तसं कळवा, खोटी आशा नको.

तुम्हाला हे सगळं ठाऊक होतं, असा मला आता दाट संशय आहे. आरशासमोर बाह्या दाखवत होते तेव्हा तुम्ही जी मान हलवलीत, ती काही बाह्यांसाठी नव्हती. घरी आल्यावर बघते तुमच्याकडे.

स्वेटर मलाच नेमका बसला. धाकटा झोपलाय. भिंतीकडे तोंड करून झोपतो, लहानपणीसारखा.

काळजी करू नका, पण थोडी केलीत तरी चालेल.

तुमची,
(नाव काय लिहायचं, तुम्ही कधी हाक मारलीत?)

ता. क. आज, सात तारखेला, सकाळी मी पार्सल बांधत होते तेव्हा तो कामावर निघाला. दारात बुटांच्या नाड्या बांधल्या, उठला, आणि म्हणाला, मी येतो.